भिंतीवर गेलेले फोटो

आमच्या धंद्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते तुळशीच्या लग्नाला उघडतं आणि आषाढीला मिटतं. पुढचे चार महिने देव झोपलेले, त्यामुळे आमचा फ्लॅशही झोपलेला. बौद्ध घरची लग्नं मुहूर्तासाठी अडून राहत नाहीत, म्हणून भर पावसाळ्यातही एखादी ऑर्डर निघते. बाकी पोळ्यापर्यंत पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि दुकानासमोर एसटीची वाट पाहणाऱ्यांशी गप्पा. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात स्टुडिओ चालवणाऱ्यानं याहून जास्त अपेक्षा करू नये.

यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत उधारीची वही काढून बसलो. येणं बरंच आहे. लोक बुडवत नाहीत, फक्त "कापूस निघाला का देतो" म्हणतात. कापूस निघाला की मग भावाकडे डोळे लागतात. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, पण ओलाव्याची कटती वजा जाऊन तो हातात पडेस्तोवर नवरीचा करिझ्मा अल्बम माझ्याच कपाटात मुक्कामाला. एक नवरी तर डोहाळजेवणाची ऑर्डर द्यायला आली, तेव्हा लग्नाचा अल्बम घेऊन गेली.

पण वहीत मला माझं वर्ष सापडत नाही. कोणता फोटो भिंतीवर गेला, यावर मी ते मोजतो.

लग्नात साक्षगंधापासून वरातीपर्यंत हजारांनी फोटो निघतात. ड्रोन उडतो, प्री-वेडिंगला पोरगा-पोरगी धरणाच्या भिंतीवर हातात हात घालून पळतात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा टाकून मी मंगलाष्टकं टिपतो. ते सगळं शेवटी पेनड्राइव्हमध्ये जातं, आणि पेनड्राइव्ह शालूच्या घडीत. भिंतीवर यातलं क्वचितच काही लागतं. इकडच्या घरांत समोरच्या खोलीची भिंत बघा. चिलीम घेतलेले गजानन महाराज, खंजिरीवाले तुकडोजी महाराज, किंवा निळ्या कोटातले बाबासाहेब आणि शेजारी बुद्ध, दीक्षाभूमीवरून आणलेले. त्याच ओळीत, एका खिळ्याचं अंतर ठेवून, घरातला आजा. त्यालाही हार, त्यालाही काचेवर कुंकवाचा टिपका. तो आजा माझा. म्हणजे फोटो माझा.

तेरवीच्या फोटोचं काम कोणी जाहिरातीत लिहीत नाही, पण वर्षभर चालणारं खरं काम तेच. माणूस गेल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी घरचा कोणी तरी येतो. हातात आधार कार्ड, नाही तर कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आजोबा मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पंगतीतल्या वाढप्याच्या खांद्याआड. "आधारवरचा नको लावू भाऊ, त्यात बाबा चोरावानी दिसते." मग तो अर्धा चेहरा पुरा करायचा, गळ्यातला रुमाल काढायचा, पांढरी टोपी बसवायची, मागे आभाळी रंग, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख. बारा बाय अठराची फ्रेम तेरवीच्या सकाळी पोचलीच पाहिजे. लग्नाचा अल्बम वर्षभर थांबतो, हा थांबत नाही. आणि याची उधारीही कोणी ठेवत नाही.

हे काम आता माझी पोरगी करते. बारावी झाली, कॉम्प्युटरवर तिचा हात माझ्याहून हलका आहे. ती आधी विचारून घेते. बाबा कोणत्या बाजूनं भांग पाडायचे? चष्मा नेहमी लावायचे की पेपर वाचतानाच? आलेला माणूस उत्तरं देता देता खुर्चीवर बसतो, पाणी मागतो, आणि मग तासभर बाबांबद्दलच बोलत राहतो. माझ्यानं हे कधी झालं नव्हतं. मी आपला साइज विचारायचो.

यावर्षी एक नवीनच प्रकार आला. शेजारच्या गावचा नातू पुण्याहून तेरवीला आला, तो फोटो तयार करूनच. मोबाइलमधल्या एआयनं आज्याला तरुण केलेलं, गाल भरलेले, तोंडात पुरे बत्तीस दात. मला फक्त प्रिंट मारायची होती. मारून दिली, फ्रेम घेऊन त्याच्याबरोबर घरी गेलो, कारण भिंतीत ड्रिल मारायला यांच्याकडे कोणी नसतं. आजीनं फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली, पुन्हा पुसली.

"हा कोन व्हय?"

"आजी, आबाच हायेत."

"ह्या मानसासंग मी नाही नांदली बाप्पा."

नातू हिरमुसला. आजीनं पेटीतून विड्यांच्या बंडलाएवढा एक जुना फोटो काढला, कोपरा वाळवीनं खाल्लेला. त्यात आज्याचा डावा डोळा किंचित बारीक, कपाळावर धुऱ्यावरल्या बाभळीचा काटा लागल्याची खूण, दाढी दोन दिवसांची. पोरीनं रात्री बसून तोच मोठा केला. खूण तशीच ठेवली. माझं मत विचाराल तर मेलेल्या माणसाच्या सुरकुत्या पुसायचा कोणालाही हक्क नाही. नवरीच्या पुसा हव्या तेवढ्या, तिला पुढं नवीन पाडायला वेळ आहे.

मधल्या काळात काय काय झालं ते भरभर सांगतो. बहिरमच्या यात्रेत हंडीचं मटण खाल्लं आणि रोडग्यांचे फोटो काढले, ते कोणी विकत घेत नाही. पोळ्याला आखरावर झडत्यांची, म्हणजे बैलांपुढं म्हणायच्या यमकांची, जुगलबंदी रंगली. बैलजोड्या दरवर्षी कमीच दिसतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोट्टे मात्र दुकानात रांगेनं उभे होते, कपाळावर गंध, पायात मोठ्या भावाचे बूट. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन सडलं, तेव्हा तीन-चार म्हातारे आले, "भाऊ, वावरात चाल, फोटो काढाचा हाय." २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं आपल्या पिकाचा फोटो आपणच मोबाइलवर काढायचा. वावरात उभं राहिल्याशिवाय ते ॲप फोटो घेत नाही, त्यामुळे माझ्या महागड्या कॅमेऱ्याचा तिथं उपयोग शून्य. ऊन पाठीशी घ्या, हात हलवू नका, एवढं शिकवून आलो. त्यांनी काढलेला फोटो सातबाऱ्याच्या कामी आला. माझा एकही फोटो आजवर सातबाऱ्याच्या कामी आलेला नाही.

देवाधर्माचं विचाराल तर मी अर्धवट माणूस. शेगावला जातो, तेव्हा कॅमेरा गाडीतच राहतो, कारण मंदिरात फोटो काढायला मनाई. मला ती मनाई फार आवडते. वर्षातून एकदा दोन्ही हात मोकळे असतात, ते जोडायला तरी सापडतात. मोझरीचं वेगळं. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथीच्या महोत्सवात तिथल्या त्यांच्या आश्रमात, गुरुकुंजात, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. भजनं थांबतात, लाउडस्पीकर थांबतो, लाखोंची गर्दी जागच्या जागी उभी राहते. मी तिथं दरवर्षी कामाला असतो. अशा वेळी माझ्या मनात भक्तिभाव दाटून यायला हवा, पण मनात येतं ते हे की एवढ्या मोठ्या गर्दीत कोणीच हलत नाही, तर शटर हवं तेवढं सावकाश ठेवता येईल. ऊन तिरपं असतं, भगव्या टोप्यांवर सोनं चढतं, आणि एकही डोकं धूसर येत नाही. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला माणसं जमवली, तेव्हा त्यांच्या डोक्यात फोटोग्राफर नसणार. तरी त्यांचे उपकार मानतो.

घरचं सांगायचं तर लग्नसराईत दुकान बायकोच सांभाळते. बायाबापड्यांचे फॉर्मचे फोटो तीच काढते, "पदर कानामागं घ्या माय, नाहीतर फॉर्म वापस येईन" म्हणते, आणि त्या ऐकतात. माझं ऐकत नाहीत.

आणि माय. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना घागर भरून झाली, तशी ती भिंतीवरच्या माझ्या बापाकडे पाहून म्हणाली, "माह्या बी एक काढून ठेव. नाहीतर तुम्ही आधारवरचा लावसान." मी विषय टाळला, नातीनं टाळला नाही. दुसऱ्या दिवशी माय स्टुडिओत, हिरवं लुगडं, नाकात नथ. मी म्हटलं चष्मा काढ, काचेत लाइट चमकतो. "राहू दे. वरून मले दिसलं पायजे ना, तुम्ही काय करता ते." पहिला फोटो नापास, कारण हसू आलं होतं. "मेल्यावर काय हसाचं हाय?" दुसरा नापास, कारण फारच सुतकी. मग पोरीनं शेजारच्या काकूची नक्कल केली, मायेनं हसू दाबलं, ओठ एका बाजूनं उचलले गेले, तो पास.

फ्रेम तिला तेव्हाच हवी होती. बायको म्हणाली, जितेपणी भिंतीवर नाही लावत. म्हणून ती आता गव्हाच्या कोठीमागे उभी आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला माय ती काढून दाखवते. परिणाम असा की परवा दुपारी तिचं अख्खं भजनी मंडळ दुकानात आलं, ठेवणीतली लुगडी नेसून, एकमेकींचे पदर सारखे करत. ऐन लग्नसराईत मी एवढ्या जणींना एकदम खुर्च्या दिलेल्या नाहीत. बायकोनं पडदा पाडला, पोरीनं लाइट लावला, आणि सगळ्यात पुढच्या काकू पर्समधून पैसे काढता काढता म्हणाल्या, "आन भाऊ, रेट सांगशीन तं हारासकट सांग."