स्थलांतरितांचे श्रम आणि त्यांचे मत

पुण्यात कोथरूड, औंध, बाणेर अशा भागांत अशी सोसायटी क्वचितच सापडेल, जिथल्या दोन-चार घरांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली नाहीत. त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, पण ते बोलणे बहुधा पगार, घर आणि ग्रीन कार्ड यांच्यापाशी थांबते. तिथल्या सार्वजनिक कारभारात त्यांचा वाटा किती, हे फारसे कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण स्थलांतरितांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते : नवा देश त्यांचे श्रम लगेच स्वीकारतो, मत मात्र फार उशिरा, आणि तो हक्क मिळेपर्यंत श्रमाने कमावलेलेही त्यांच्या हाती सुरक्षित नसते.

आपल्याला जवळचे उदाहरण मॉरिशसचे आहे. गुलामगिरी संपुष्टात येत असताना तिथल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १८३४ पासून पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर उतरले. त्यांत बिहारी, तमिळ आणि तेलुगु माणसांबरोबर मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही होती. बेटाची साखर या लोकांच्या घामावर उभी राहिली. पुढे साखरेचे भाव घसरले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी हलक्या प्रतीच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, आणि मजुरांनी पै-पै साठवून त्या विकत घेतल्या. एवढे होऊनही कायदेमंडळ निवडण्याचा अधिकार मूठभर मालमत्ताधारकांकडेच राहिला. ज्यांच्या कष्टावर वसाहतीचा खजिना भरत होता, त्यांना त्या खजिन्याच्या विनियोगाविषयी बोलण्याची सोय नव्हती.

हे चित्र बदलले १९४८ च्या निवडणुकीत. नव्या नियमानुसार बेटावरच्या मान्य भाषांपैकी एखादी साधेपणाने लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मताधिकार मिळणार होता. बासदेव आणि सुकदेव बिसूनदयाल या बंधूंच्या चळवळीने गावोगावच्या बैठकांमधून, म्हणजे वस्तीतल्या छोट्या सामुदायिक शाळांमधून, मळ्यांवर राबणाऱ्या माणसांना आपले नाव लिहायला शिकवले, जेणेकरून त्यांची मतदार म्हणून नोंद व्हावी. साक्षरतेच्या चळवळी आपण महाराष्ट्रानेही पाहिल्या आहेत, पण स्वतःची सही इतक्या थेटपणे सत्तेपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्या निवडणुकीत भारतीय वंशाचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले, १९५९ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधानपदी सर शिवसागर रामगुलाम होते, ज्यांचे वडील बिहारातून मजूर म्हणून आले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७७ पासून, माध्यमिक शिक्षण मोफत झाले. केवळ साखरेवर जगणारे बेट पुढे कापडनिर्मिती, पर्यटन आणि वित्तसेवांकडे वळू शकले, त्यामागे मजुरांच्या या शिकलेल्या नातवंडांचा मोठा हात आहे, असे मी मानतो.

अमेरिकेतही क्रम असाच होता. पंजाबातले दलीपसिंग सौंद १९२० मध्ये तिथे गेले, १९२४ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली आणि तरीही कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करू लागले. मधल्या काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले होते, आणि नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्यांना कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमिनीची मालकीही मिळत नव्हती. वाळवंटी खोरे पिकते करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना दुसऱ्याच्या नावावर शेती करावी लागे. १९४६ च्या कायद्याने दार उघडले, १९४९ मध्ये सौंद नागरिक झाले, आणि १९५६ मध्ये ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. तिथवर पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे अमेरिकन होते.

पांडुरंग खानखोजे यांच्याविषयी महाराष्ट्रात अजूनही पुरेसे बोलले जात नाही, याची मला खंत वाटते. वर्ध्याचा हा क्रांतिकारक परदेशातून ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतून, अनेक देशांतून भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मका आणि गहू यांच्या वाणांवर संशोधन केलेच, शिवाय मेक्सिकन क्रांतीनंतर जमीन मिळू लागलेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळाही चालवल्या. जमिनीचे फेरवाटप हा राजकीय निर्णय होता, पण ती जमीन कसायची कशी हे शिकवणाऱ्यांत आपला एक वैदर्भीय माणूस होता. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगवले आहे.

आज मराठी नावे परदेशी संसदांत दिसतात. मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आले. पण अशा मोजक्या नावांपेक्षा मला त्या असंख्य कुटुंबांची चिंता अधिक आहे, जी वर्षानुवर्षे कर भरतात आणि मतदानाच्या दिवशी घरी असतात. काहींचा इलाजच नसतो. अमेरिकेत नागरिकत्वाआधी ग्रीन कार्ड लागते, आणि दरवर्षीच्या रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार लांब आहे. काहींना मात्र नागरिकत्व घेता येते, तरी ते घेत नाहीत, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि भारतीय पासपोर्ट परत करणे इथल्या आईवडिलांच्या जिवाला लागते. ही भावना मी समजू शकतो. तरीही नात्यातली मुले सल्ला विचारतात तेव्हा मी अर्ज भरा असेच सांगतो, कारण त्यांची मुले ज्या शाळेत जातात तिचे मंडळ अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्थानिक मतदानातून निवडले जाते, आणि त्या शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा यांच्यासारख्यांच्याच घरपट्टीतून येतो.