बिशप येणार म्हणून: न्यू जर्सीतल्या एका छोट्या चर्चमधला माझा अनुभव

बिशपच्या भेटीची तारीख कळवणारं पत्र आलं तेव्हा आमच्या चर्चला पूर्णवेळ पाळक नव्हते. आधीचे निवृत्त झालेले, नव्यांचा शोध चालू, आणि रविवारच्या उपासनेपुरते एक वयस्कर पाद्री यायचे. एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन चर्चच्या अमेरिकन शाखेत, अशा वेळी कारभाराचा भार व्हेस्ट्रीवर, म्हणजे आपल्याकडच्या पंचकमिटीवर पडतो. व्हेस्ट्रीत सीनियर वॉर्डन, म्हणजे मुख्य पंच, मी. तेव्हा न्यू जर्सीतल्या या मंडळीत बिशपच्या भेटीची सगळी तयारी पुण्यात वाढलेल्या एका बाईच्या गळ्यात पडली.

डोक्यात आधी आलं ते अर्थातच पुण्याचं. सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) चर्चमध्ये बिशप यायचे म्हणजे फाटकापासून रांगोळी, संडे स्कूलच्या पोरांचं स्वागतगीत, हार, शाल, न संपणारी भाषणं आणि मग मटणाचं जेवण. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. त्या नगरच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या. तिथे बिशप हे पदच नव्हतं. 1970 साली नागपूरला सी.एन.आय. स्थापन झाली तेव्हा ते आलं. "आमचं सगळं पाळक आणि पंच बघायचे. बिशपवाचून काही अडलं नाही गं कुणाचं," त्या म्हणाल्या.

अमेरिकेचंही तसंच होतं म्हणा. इंग्रजांच्या राज्यात इथे अँग्लिकन चर्च होतं, पण बिशप एकही नाही. दीडशेहून जास्त वर्षं इथल्या लोकांना दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यातलं वचन स्वतः जाहीर कबूल करण्याचा, बिशपच्याच हातून होणारा विधी) हवं असेल तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जाण्यावाचून इलाज नव्हता, म्हणजे बहुतेकांचं ते झालंच नाही. स्वातंत्र्यानंतर कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी बिशपपदाची दीक्षा घ्यायला लंडनला गेले, पण तिथे राजनिष्ठेची शपथ आडवी आली. शेवटी स्कॉटलंडच्या बिशपांनी 14 नोव्हेंबर 1784 रोजी अ‍ॅबर्डीनला त्यांना दीक्षा दिली. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचं मत बदललं नाही.

चर्चच्या नियमांत बिशपने प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून किमान एकदा भेट द्यावी असं आहे. येऊन काय करायचं तेही आहे: उपदेश करायचा, प्रभुभोजनाची उपासना चालवायची, गरजेप्रमाणे बाप्तिस्मा आणि दृढीकरण करायचं, आणि मंडळीची दप्तरं तपासायची. हार-शालीचा कुठे उल्लेख नाही. मी हे शेवटचं कलम वाचलं आणि जेवणाचा विषय व्हेस्ट्रीतल्या दोघांकडे सोपवून कपाटाच्या किल्ल्या मागवल्या.

त्याआधी डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, कार्यालयाकडून आलेल्या सूचनापत्रकाबद्दल सांगते, कारण कुणावर ही जबाबदारी आली तर पहिलं काम ते शेवटपर्यंत वाचून काढण्याचं. उपासनेची छापील पत्रिका आधी मंजुरीला पाठवा. गाडी लावायला जागा राखून ठेवा. दृढीकरणाच्या वेळी बिशप लोकांकडे तोंड करून बसतील, तिथे हात असलेली जड खुर्ची नको. प्रत्येक उमेदवाराच्या छातीवर नावाची पट्टी, मोठ्या अक्षरात. बाप्तिस्मा असेल तर अभिषेकाचं तेल बिशप त्याच उपासनेत पवित्र करतील, म्हणून चांगलं ऑलिव्ह तेल, आणि नंतर अंगठा पुसायला लिंबाची फोड आणि ब्रेडचा तुकडा. लिंबाचं वाचून मला फार बरं वाटलं. एवढ्या गंभीर पत्रकात कुणीतरी तेलकट बोटांचा विचार केला होता.

आमच्याकडे बिशपची खुर्ची आहे, वेदीच्या डाव्या हाताला. एरवी तिच्यावर कुणी बसत नाही, त्यामुळे तिच्यावर गायनमंडळाच्या फायली, नाताळच्या मेणबत्त्यांचं खोकं आणि कुणाचा तरी स्वेटर असा संसार थाटलेला होता. तो हलवला. वेदीचं वस्त्र लाल की पांढरं यावरून मात्र ऑल्टर गिल्डमध्ये, म्हणजे वेदीची तयारी करणाऱ्या बायकांमध्ये, चांगलीच जुंपली. दृढीकरण म्हणजे पवित्र आत्मा, म्हणून लाल, असं एकीचं म्हणणं. भेट होती सर्व संतांच्या सणानंतरच्या रविवारी, म्हणून पांढरं, असं दुसरीचं. डायोसीसला विचारलं, पांढरं ठरलं, आणि लालवाली दोन रविवार माझ्याशी बोलली नाही.

आता दप्तरं. बाप्तिस्मे, दृढीकरण, विवाह, दफन यांची नोंदवही आणि प्रत्येक उपासनेची वेगळी वही, ज्यात तारीख, हजेरी, प्रभुभोजन किती जणांनी घेतलं आणि पाद्रींची सही असते. पाळक नसलेल्या काळात या वहीचे हाल होतात. वेगवेगळे पाद्री येऊन गेलेले, कुणी सही विसरलं, कुणी हजेरीच्या जागी नुसतं "पाऊस" लिहिलेलं. जुन्या पत्रिका समोर ठेवून, लोकांना विचारून जे भरता आलं ते भरलं. अंदाजे आकडे घालायला मी साफ नकार दिला. हजेरीचा हाच आकडा वार्षिक अहवालात जातो आणि मंडळीची तब्येत लोक त्यावरून जोखतात. फुगवून कुणाला फसवायचं?

याच कपाटात जुनी दफनवहीही सापडली. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये एका पानावर मावणार नाहीत इतक्या नोंदी. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा पूर्ण शब्दात इन्फ्लुएन्झा, पुढे नुसतं आद्याक्षर, मग त्याखाली "वरीलप्रमाणे"च्या खुणा, पानभर. अक्षर शेवटपर्यंत सुबक. तपासणीला तिची गरज नव्हती, तरी ती वही मी टेबलावर ठेवायची ठरवली.

उमेदवारांचं काम सगळ्यात नाजूक निघालं. बाहेरून बघणाऱ्याला सगळेच "कन्फर्मेशन"वाले वाटतात, पण प्रकार तीन. कुमारवयीन मुलांचं दृढीकरण. दुसऱ्या चर्चमध्ये ज्यांचं दृढीकरण आधीच झालंय, त्यांचा नुसता स्वीकार. आणि मधे दुरावलेले परत येऊन वचन ताजं करतात ते. आमच्यात वसईची एक कॅथलिक बाई होती. "मला पुन्हा सगळं करायला लावतील का? आईला काय सांगू?" ही तिची काळजी. तिचं दृढीकरण ग्राह्य आहे, बिशप फक्त हात हातात घेऊन तिला या सहभागितेत घेतील, असं पाद्रींनी सांगितल्यावर तिने तिकडे फोन केला. आईने विचारलं म्हणे, "जेवायला काय आहे?"

मुलांच्या वर्गातली एक मुलगी भेट तोंडावर आली असताना म्हणाली, मला आत्ता नको. मी बोलेन ते मला खरं वाटत नाहीये. वडील हादरले, आजी-आजोबांची विमानाची तिकिटं झाली होती. ते माझ्याकडे आले, "तू समजाव तिला, तुमच्याकडे मुलं ऐकतात." आमच्याकडेही ऐकत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. प्रार्थनापुस्तकात दृढीकरण म्हणजे विश्वासाची प्रौढ, जाहीर कबुली असं स्पष्ट आहे. तिकिटांसाठी कबुली द्यायची नसते. तिचं नाव यादीतून काढलं आणि तिला बिशपचा दंड, म्हणजे वरून वळलेली काठी, धरायचं काम दिलं. दंड तिने फार नीट सांभाळला. आपल्या हातात असताना वळण स्वतःकडे ठेवायचं हे बाकीच्या पोरांना तिनेच शिकवलं.

प्रत्यक्ष दिवशी बिशप स्वतः गाडी चालवत, वस्त्रांची बॅग खांद्यावर टाकून आल्या. हो, बाई बिशप. सासूबाईंनी हार न घालण्याचं कबूल केलं होतं, पण रव्याचे लाडू केलेच होते, आणि त्यांच्यापुढे "काजू आहेत" अशी इंग्रजी चिठ्ठी मला लिहायला लावली होती. बाप्तिस्म्याचं बाळ तेल लावल्यावर हसलं. सुटं अर्पण रिवाजाप्रमाणे बिशपच्या मदतनिधीला गेलं.

मग कॉफी, आणि व्हेस्ट्रीबरोबर बैठक. आम्ही छताच्या गळतीचे आकडे घेऊन बसलो होतो. त्यांनी विचारलं, तुमच्या गल्लीत राहणारं पण तुमच्या बाकांवर न दिसणारं कोण आहे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हटलं, समोरच्या इमारतीतले निम्मे लोक गुजराती आणि तेलुगू आहेत, आणि त्यांना आमची पार्किंगची जागा तेवढी ठाऊक आहे.

दप्तरं त्यांनी खरोखर पान उलटून पाहिली. 1918 च्या पानावर थांबल्या, काही बोलल्या नाहीत, पुढे गेल्या. उपासनेच्या वहीत सही केली. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र मधल्या काही वर्षांत धर्मपालकांचे (गॉडपेरेंट्सचे) रकाने कोरे होते, ते बोट ठेवून दाखवले आणि म्हणाल्या, हे भरून घ्या.

ते काम अजून चालू आहे. कुटुंबं पांगलेली, फोन बदललेले. एक नोंद मात्र आयती मिळाली: त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं, आणि तारीख विचारायला तिच्या आईनेच चर्चला फोन केला. तारीख देण्याआधी मी धर्मपालकांची नावं विचारून घेतली.