लोगोवाली मधपेटी नको, दरमहा देणगी द्या

छोट्या व्यवसायांचे हिशोब बघणं हे माझं रोजचं काम, आणि हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो की आम्हाला मधमाश्या वाचवायला काहीतरी द्यायचंय, कुठे देऊ आणि किती देऊ. मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण विचारणारा माणूस स्वतः भाडं, पगार, उधारी या सगळ्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि तरी त्याला द्यायचंय. पण बरेच जण लगेच पुढे म्हणतात की छतावर एखादी मधपेटी ठेवू, वर आपलं नाव रंगवू, फोटोही छान येतील. फोनवर हे नीट समजावून होत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी पेटीचं बघू. मधमाश्यांच्या गोतावळ्यात जगभरात २०,०००च्या आसपास प्रजाती माहीत आहेत, आणि पेट्यांमधून सगळ्यात जास्त पाळली जाते ती एपिस मेलिफेरा त्यातली फक्त एक. तिचे हाल होत नाहीत असं नाही, वरोआ नावाचा परजीवी आहे, रोग आहेत, पण ती पाळीव आहे, तिची काळजी घ्यायला तिचा मालक आहे. रानातल्या माश्यांना मालक नाही. एखाद्या भागात पेट्या वाढल्या की फुलं तेवढीच राहतात आणि खाणारी तोंडं वाढतात, शिवाय पाळीव माशीचे काही व्हायरस फुलांवरून बंबलबीपर्यंत, म्हणजे गुबगुबीत केसाळ रानमाशीपर्यंत, पोचतात हेही संशोधनात दिसलंय. म्हणजे ज्यांना वाचवायला निघालो त्यांच्याच ताटातलं आपण काढून घेतोय, आणि पैसे देऊन.

आणि या रानातल्या माश्या आपल्या डोक्यातल्या चित्रापेक्षा किती वेगळ्या असतात! बहुतेक जणी एकट्या राहतात, राणी नाही, पोळं नाही, मध नाही. एकटी मादी उघड्या जमिनीत पेन्सिल जाईल एवढं बीळ खणते, तोंडाशी बारीक मातीचा छोटासा ढीग, आत एक कप्पा, त्यात पराग आणि मकरंद कालवून केलेला गोळा, त्यावर एक अंडं, कप्पा बंद, मग पुढचा कप्पा. पिल्लं बाहेर येतात तोवर ती बऱ्याचदा मेलेली असते. तिला पेटीचा काही उपयोग नाही. तिला हवी आहे थोडी न नांगरलेली, फरशी न घातलेली, औषध न मारलेली जमीन आणि उडत जाता येईल एवढ्या अंतरावर फुलं. आता अशा जमिनीवर कोणाचा लोगो कसा लावणार, पण पैसे तिथेच लागतात.

टोमॅटोचं फूल घ्या. त्याचे पराग नळीसारख्या पुंकेसरात बंद असतात आणि टोकाला फक्त बारीक भोकं. बंबलबी फुलाला जबड्याने पकडून लटकते, पंख न फडफडवता नुसते उडायचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर खाली पडतात. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. कोकोचं काम चिलटांएवढे बारीक कीटक करतात, रात्री उमलणाऱ्या कितीतरी फुलांचं पतंग आणि वटवाघळं. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा २०१६चा अहवाल सांगतो की जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त पिकं थोड्याफार प्रमाणात तरी अशा प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. उत्पादनाच्या वजनात बघितलं तर ३५ टक्के, कारण गहू, तांदूळ, मका यांना त्यांची गरज नाही. तरीही आकडा केवढा आहे.

मग द्यायचं कोणाला? जे अधिवास सांभाळतात, मोजणी करतात, शेतकऱ्यांबरोबर बसून फवारणी कमी करतात, त्यांना. अमेरिकेतली झेर्सेस सोसायटी १९७१पासून हेच करतेय, तिचं नावच सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवरून कायमच्या नाहीशा झालेल्या एका निळ्या फुलपाखराचं आहे. ब्रिटनमध्ये बंबलबी कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट २००६पासून आहे. वटवाघळांसाठी बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल १९८२पासून. ही मोठी नावं उदाहरणादाखल, तुमच्या भागात कोणी छोटी संस्था असं काम करत असेल तर आधी तिच्याकडे बघा, कारण तुमची छोटी रक्कम तिथे जास्त जाणवते.

आता किती द्यायचं, हा माझ्या कामाचा भाग. वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट ही चळवळ २००२मध्ये इव्हॉन श्विनार्ड आणि क्रेग मॅथ्यूज या दोन व्यावसायिकांनी सुरू केली, तिथे सभासद व्यवसाय पर्यावरणासाठी १ टक्का देतात आणि तो विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. विचार पक्का आहे, कारण कागदावरचा नफा हवा तसा कमी दाखवता येतो आणि विक्री लपत नाही. पण तुमचं मार्जिन ५ टक्के असेल तर विक्रीचा १ टक्का म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा झाला, हे गणित न करता उत्साहात जाहीर करू नका. त्यापेक्षा एकच प्रॉडक्ट निवडा, प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम ठरवा, आणि विक्री झाली नाही तरी किमान इतकं देऊच असा आकडा आधीच बाजूला काढा. आणि ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. 'विक्रीचा काही भाग' असलं मोघम लिहिलेलं मला अजिबात आवडत नाही, काही म्हणजे किती? संस्थेचं नाव वापरून विकणार असाल तर लेखी करार करा, काही देशांत तो कायद्यानेच लागतो.

काउंटरवर ग्राहकाकडून सुट्टे पैसे गोळा करता ना, ती ग्राहकाची देणगी आहे, तुमची नाही. वेगळ्या खात्यात ठेवा आणि आमच्याकडून दिली म्हणून मिरवू नका प्लीज.

रोख जमत नसेल तर हातातलं काम द्या. प्रिंटिंगवाला माहितीचे फलक छापून देऊ शकतो, गाडी असलेला रोपं पोचवू शकतो, माझ्यासारखी वर्षअखेरचा हिशोब फुकट करून देते. फुकट बियांची पाकिटं मात्र वाटायच्या आधी एखाद्या जाणकाराला दाखवा, त्यात कुठल्या कुठल्या परक्या वनस्पती निघतात.

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस, संयुक्त राष्ट्रांनी २०१७मध्ये जाहीर केलेला, त्या आठवड्यात देणग्यांचा पूर येतो आणि मग सगळं सामसूम, पण गवत काढायचं काम आणि पगार बाराही महिने चालू असतात. म्हणून थोडं पण दरमहा द्या, बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाका, आणि 'फक्त रोपांसाठीच वापरा' अशी अट घालू नका.

देण्याआधी संस्थेला एवढंच विचारा की मागच्या वर्षी जिथे पेरणी केली तिथे यंदा कोणकोणत्या माश्या आल्या, मोजलंत का. ज्यांच्याकडे मोजणीची वही आहे त्यांना बेधडक द्या. आणि ज्यांचं काम चांगलं दिसतंय पण वही ठेवायला माणूस नाहीये, त्यांना त्या माणसाच्या पगारासाठी द्या.