रिपोर्ट यायचाय अजून

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. ह्यांच्या मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय, आणि लॅबवाले म्हणतात अजून एक टेस्ट लावलीये त्यामुळे वेळ लागेल. का लावली ते कोणी नीट सांगत नाही. दिवसा कामात बरं असतं, पण रात्री सगळे झोपले की सुरू होतं, छातीत धडधड, मग फोन हातात, मग नको ते सर्च, मग अजून धडधड.

देवावर माझा विश्वास आहे. लहानपणापासून आहे आणि आत्ता ह्या क्षणीही आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण भीती वाटते म्हटलं की लोकांना वाटतं हिचा विश्वास कमी पडला. परवा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बहिणीने फोनवर अगदी प्रेमानेच सांगितलं, विश्वास आहे ना मग घाबरायचं कशाला, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असं बायबलमध्ये वचनच आहे. वचन आहे, खरंय, योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात. पण फोन ठेवल्यावर मी तो अख्खा उतारा वाचला, तर तिथे बोलणं चाललंय न्यायाच्या दिवसाबद्दल, आणि भीतीचा संबंध शिक्षेशी आहे असं योहान तिथेच लिहितो. म्हणजे देव मला शिक्षा करेल ही जी भीती असते ती प्रीती घालवते. रिपोर्टची वाट बघताना पोटात गोळा येतो, त्याच्याबद्दल ते नाहीच मुळी.

आणि उलट ते वाचूनच मला जास्त आधार मिळाला. कारण रात्री दोन वाजता मनाच्या तळाशी तोच प्रश्न असतो ना, की ही कशाची शिक्षा तर नाही? कोणाचं काय वाईट केलं आपण? योहानाच्याच शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे बघून शिष्य अगदी हेच विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापाने. येशू सांगतो, ह्यानेही नाही आणि त्यांनीही नाही. वाचलं आणि बराच वेळ रडले मी. गाठ ती गाठ आहे, कुठला जुना हिशेब चुकता करायला आलेली नाही.

आणि घाबरणं म्हणजे अविश्वास असेल तर मग येशूला पकडलं त्या रात्रीच्या गेथशेमाने बागेचं काय करायचं? शुभवर्तमान लिहिणारा मार्क काही लपवत नाही, येशू तिथे अतिशय व्याकूळ झाला असं सरळ लिहितो. माझा जीव मरणाएवढा दुःखी झालाय असं तो स्वतःच्या तोंडाने पेत्र, याकोब आणि योहानाला सांगतो, आणि वर म्हणतो इथे थांबा, जागे राहा. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर हे मागणं तो पुन्हा पुन्हा जाऊन मागतो, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे हेही त्याच प्रार्थनेत आहे. भीती संपल्यावर मग प्रार्थना केली असं काही तिथे झालं नाही. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबत हवी होती, तर मला का नको? ती तिघं झोपली हा भाग वेगळा.

सध्या फोनवर भिऊ नकोस अशी वचनं खूप येतात, सूर्योदयाच्या नाहीतर फुलांच्या फोटोवर लिहिलेली. पाठवणाऱ्यांची माया मला कळते. पण मी ती वचनं जिथली आहेत तिथे जाऊन वाचायला लागले, आणि एक गोष्ट मनात घट्ट बसली. यशयाच्या पुस्तकाचा ४१ वा अध्याय घ्या, यहोशवाचा पहिला अध्याय घ्या, कारण काय दिलंय तर मी तुझ्याबरोबर आहे. काही होणार नाही म्हणून भिऊ नको असं तिथे लिहिलेलं नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात स्मुर्णा इथल्या मंडळीला तर स्पष्ट सांगितलंय की तुमच्यातल्या काहींना तुरुंगात टाकतील, तुमचे हाल होतील, आणि जे सोसावं लागणार आहे त्याला भिऊ नका. ते आधी वाचलं तेव्हा कठोर वाटलं होतं. आता वाटतं हे कितीतरी जास्त खरं आहे, कारण रिपोर्ट चांगलाच येईल ह्या अटीवर माझा धीर उभा असेल तर तो धीर लॅबच्या हातात आहे, देवाच्या नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतला २७ वा अध्याय मी ह्या आठवड्यात कितीतरी वेळा वाचलाय. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला चाललाय, क्रेत बेटाजवळ ईशान्येचा वादळी वारा सुटतो आणि जहाज हाताबाहेर जातं. दुसऱ्या दिवशी माल समुद्रात टाकतात, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामान. कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळायला मार्ग नाही. मग पौल उभा राहून सांगतो की रात्री देवाच्या दूताने मला सांगितलं, भिऊ नकोस, कोणाचाही जीव जाणार नाही, जहाज मात्र जाईल. जहाज जाईल हे तो आधीच सांगून टाकतो.

आणि एवढं वचन मिळाल्यावर जहाजावरची माणसं हात बांधून बसत नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांना वाटतं जमीन जवळ आलीये, तर ते दोरी सोडून पाण्याची खोली मोजतात, वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढे जाऊन पुन्हा मोजतात, पंधरा वाव. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि कधी उजाडतंय म्हणून प्रार्थना करत बसतात. उजाडायच्या सुमारास पौल सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस उपाशी आहात, खा आता, आणि सगळ्यांदेखत देवाचे आभार मानून भाकर मोडतो आणि स्वतः खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं होती, ती सगळी वाचली, कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून. जहाज मोडलं.

ह्यातलं मला काय लागू पडतं ते रोज थोडं थोडं कळतंय. खोली मोजणं म्हणजे विश्वास कमी पडणं नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवते. आणि जेवते, नको वाटलं तरी, कारण पौलाने वादळ थांबायच्या आधीच भाकर मोडली होती. माझ्या प्रश्नाला वचनात सरळ उत्तर नाही, दूत मला काही सांगून गेलेला नाही की ह्यांचा जीव वाचेल, ते वचन त्या माणसांना होतं आणि ते मी माझ्या नावावर करून घेणार नाही. पण त्यांच्याबरोबर जो होता तो माझ्याबरोबर आहे एवढं मी धरून ठेवलंय, दोन्ही हातांनी.

स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रं हळू आवाजात वाचते. १३ वं लहान आहे, किती वेळ, किती वेळ असं विचारतच सुरू होतं. ८८ वं तर संपतंच अंधारात, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कोणीतरी असंही देवाशी बोललं आणि देवाने ते पुसून टाकलं नाही.

हे फारसे बोलत नाहीत. आज सकाळी दाढी करत होते, जबड्याखालच्या त्या छोट्या पट्टीच्या कडेकडेने रेझर इतका सावकाश फिरवत होते की मी दारातच उभी राहिले. आरशातून बघून म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना कर, सगळ्यांना करायला सांग, फक्त देवाच्या नावाने कोणी मला प्रॉमिस देऊ नका. मी हो म्हटलं. मग म्हणाले, माणसं आली तर बरं वाटेल.

म्हणून उद्या सकाळी उठल्यावर पहिला फोन त्याच बहिणीला करणार आहे, ह्या आठवड्याची घरप्रार्थना आमच्याकडेच ठेवा म्हणून. ह्यांना जुनी गाणी आवडतात, तीच म्हणूया. तोपर्यंत रिपोर्ट आला असेल तरी या, नसेल आला तरी या.