फ्लॅपशेलची नोंद : गाळात गेलं तेव्हापासून वर आलं तोपर्यंत

मागची नोंद फेब्रुवारीपर्यंतची होती. ही मार्च ते जूनची, त्याच फ्लॅपशेलची, म्हणजे डाव्या कडेला खाच असलेल्या मऊ पाठीच्या कासवाची. तळं तेच, आरेच्या बाजूचं. नेमकी जागा याही वेळी लिहीत नाही, कासवं पकडून विकणारे लोक असतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लॅपशेलला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा आपलं काम लांबून बघणं, एवढंच.

मार्चमध्ये पाणी गुडघाभर आणि बरंच स्वच्छ होतं, म्हणून शिकार पहिल्यांदा नीट दिसली. मी सकाळी साडेसहाला बांबूच्या बेटामागे दुर्बीण घेऊन बसत होते. कासव काठाजवळच्या उथळ पाण्यात आलं आणि पुढच्या पायांनी दोन्हीकडे गाळ ढकलत, अंग डोलवत खाली खाली बसत गेलं. पाठ दिसेनाशी झाली. पाणी निवळल्यावर उरली फक्त नाकाची बारीक नळी आणि तिच्यामागे दोन डोळे. मग चाळीस मिनिटं काहीच नाही. मधून मधून नळी पाण्याबाहेर यायची, श्वास घेऊन परत आत. त्यासाठी त्याला जागचं हलावंच लागत नव्हतं.

एक बेडूक उडी मारून पुढ्यात बसला, आणि मान सुटली. इतकी लांब मान त्या कवचात मावते, हे वाचून माहीत असलं तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. बेडकाचा मागचा पाय जबड्यात. कासवाने तो आख्खा गिळला नाही, पुढच्या पायांच्या नखांनी ओढून ओढून फाडला. आजवर मी याला मेलेले मासे आणि पाणवनस्पती खाणारं सुस्त जनावर समजत होते. तेही ते खातंच, पण माझी समज अर्धवट होती.

गोगलगायींसाठी दबा लागत नाही. त्यांच्यासाठी ते संध्याकाळी तळ हुंगत हुंगत चालतं आणि शंख जबड्यात धरून फोडतं. वारा नसेल तर तो कटकन आवाज काठावर ऐकू येतो.

एप्रिलमध्ये खूणकाठीवर पाणी ९ तारखेला २२ सेंटीमीटर, २७ ला ६. मे लागला तेव्हा मधे डबकं आणि भोवती चिखल. ३ मेला सकाळी ते करंजाच्या मुळांजवळ चिखलात शिरताना दिसलं. तेच डोलणं, तेच गाळ ढकलणं, फक्त या वेळी नाकही आत गेलं. मी तिथे काठावर एक दगड ठेवला. आठवड्याभरात वरचा थर तडकला.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. खाली गेल्यावर कासव खात नाही, शरीराचा सगळा व्यवहार मंदावतो, साठवलेल्या चरबीवर दिवस निघतात. पोटाकडच्या दोन झडपांनी मागचे पाय झाकले जातात, नाव त्यावरूनच पडलंय. या मऊ पाठीच्या कासवांना पाण्यात कातडीतून आणि घशाच्या अस्तरातूनही थोडा प्राणवायू घेता येतो. सगळीच काही गाळात थांबत नाहीत, काही पाणी शोधत जमिनीवरून चालू लागतात. मुंबईत मग मधे रस्ता येतो.

पाड्यावरच्या मावशी सरपण घेऊन जाताना रोज मला बघायच्या. एकदा थांबल्या. "त्याला शोधतेस का गं? निजलंय ते खाली. पाऊस पडला की आपसूक वर येतंय. उकरू नको हां."

उकरलं नाही. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका तळ्यात गाळ काढायला यंत्र लागलं आणि उपसलेल्या ढिगात मला दोन फ्लॅपशेल सापडली. एकाचं कवच चिरलेलं, ते गेलं. दुसरं जिवंत होतं. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांचे लोक येऊन घेऊन गेले. तळं कोरडं दिसतं म्हणून मेमध्ये गाळ काढतात, आणि नेमकी तेव्हाच कासवं त्या गाळात असतात. तुमच्या भागात असं काम निघालं तर सुरू होण्याआधीच सांगा. ढिगावर पहिल्या दिवशीच फिरून बघा, उन्हात पडलेलं कासव फार टिकत नाही.

१२ जूनला रात्रभर पाऊस. १३ ला तळ्यात घोटाभर पाणी, दगडाजवळ काही नाही. १४ लाही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. १५ ला ओढ्याचं पाणी तळ्याला मिळालं आणि वलगणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, उलटे चढायला लागले. १६ ला सकाळी ७:१० ला दगडापासून हातभर अंतरावर गढूळ पाण्यात नाकाची नळी दिसली. पाठ बाहेर आली तेव्हा तिच्यावर वाळका चिखल अजून पोपड्यांसारखा चिकटला होता, आणि डाव्या कडेची जुनी खाच स्पष्ट दिसली. तेच कासव. चव्वेचाळीस दिवस झाले होते.

ते तळ्याच्या मधे गेलं नाही. ओढ्याच्या तोंडाशी, मासे चढतात तिथे, डोलत डोलत पुन्हा गाळात बसलं. मी साडेनऊपर्यंत होते, तोवर मान सुटली नव्हती.