काकांचा नॅड ३०२०: काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही

काकांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर, म्हणजे नॅड ३०२० अँप, आता मस्त वाजतोय, दोन्ही चॅनल सारखे, हम (मागून सतत येणारी घुरघुर) गेला, व्हॉल्यूम फिरवताना खरखर नाही. ज्यांच्या माळ्यावर असा एखादा जुना अँप पडलाय आणि डोक्यात "दुरुस्त करतोच आहोत तर अपग्रेडपण करून टाकू" असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण असे बरेच अँप बघून माझं ठाम मत झालंय की वयामुळे जेवढे अँप गेले त्यापेक्षा जास्त उत्साहाच्या भरात केलेल्या अपग्रेडमुळे गेले.

आधी हा अँप काय चीज आहे ते सांगतो. १९७८ मधे आला, डिझाइन ब्योर्न एरिक एडवर्डसन नावाच्या नॉर्वेच्या इंजिनिअरचं, कंपनी लंडनची आणि माल बनायचा तैवानला. कागदावर फक्त २० वॉट पर चॅनल. त्या काळात वॉटचे आकडे मिरवायची शर्यत चालू होती आणि त्यात हा साधा करडा डबा, पण गंमत अशी की ते वॉट मोजतात ८ ओहमच्या रेझिस्टरवर, आणि खरा स्पीकर काही रेझिस्टर नसतो, त्याचा इंपीडन्स (करंटला होणारा विरोध) प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, कुठेतरी ४ ओहमच्याही खाली उतरतो, तिथे अँपकडे करंट पाहिजे. एडवर्डसनने पैसा तिथे घातला. आउटपुटला २एन३०५५ आणि एमजे२९५५ ची जोडी, जाड धातूच्या टोपीतले टीओ-३ ट्रान्झिस्टर, डेटाशीटवर १५ अँपिअर आणि ११५ वॉट लिहिलेले, आणि ते बसवले २० वॉटच्या अँपला! शिवाय मागे सॉफ्ट क्लिपिंगचं बटण, म्हणजे ताकद संपायला आली की वेव्हफॉर्मचं डोकं सपाट न छाटता गोलसर दाबलं जातं आणि ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग, वाचतो. मला हे डिझाइन फार आवडतं, खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा हे इतकं नेमकं कळलेला माणूस विरळाच.

काकांनी हा मस्कतहून आणला होता आणि घरात कायम शास्त्रीय गाणंच ऐकलं जायचं, त्यामुळे हम सगळ्यात आधी त्यांनाच खुपला. आता बघा, आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, एसीचा डीसी करणाऱ्या फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, येतो १०० हर्ट्झचा. आणि काळी एकचा तानपुरा लावला तर मंद्र पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झवर. म्हणजे गवई स्वर लावायच्या आधी जी काही सेकंद नुसता तानपुरा चालू असतो तिथे अँप स्वतःचा एक किंचित उतरलेला पंचम मिसळत होता. काका म्हणायचे "तानपुरा उतरलाय रेकॉर्डिंगमधे". रेकॉर्डिंग एकदम चोख होतं.

हम कुठून येतोय हे आधी कानाने ठरवायचं, मग मीटर. ५० हर्ट्झचा जाड, खोल हम असेल तर बहुतेक वेळा केबल, अर्थिंग, ग्राउंड लूप यातलं काहीतरी. १०० चा, थोडा करकरीत असेल तर संशय ती लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कॅपॅसिटरवर. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनपण तेवढाच राहिला तर गडबड व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर अँप नाहीतर सप्लायमधे. ३०२० मधे अजून एक सोय आहे, मागे प्री-आउट (व्हॉल्यूम-टोनच्या प्री भागाचं आउटपुट) आणि मेन-इन (पॉवर भागाचं इनपुट) वेगवेगळे दिलेत आणि मधे यू आकाराचे धातूचे जंपर लावलेत, सेट बंद करून ते काढले की प्री आणि पॉवर दोन वेगळे अँप होतात, अर्धी शोधाशोध तिथेच संपते. जंपर काढले तरी हम तसाच, दोन्ही चॅनलला सारखा, म्हणजे सप्लाय.

आणि हेच जंपर काळे पडले की एक चॅनल मधेच गायब होतो, हाताने हलवलं की परत येतो, लोक याला आयसी गेला समजून सेट उघडतात. आधी जंपर साफ करा.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे सिरीज बोर्ड. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, फिलामेंटचा बल्ब सिरीजमधे, ६० किंवा १०० वॉटचा, एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब भक्कन पेटून विझला किंवा मंद झाला तर ठीक, लखलखीत पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला. फिल्टर कॅपॅसिटर डिस्चार्ज करायला वायरवाउंड रेझिस्टर वापरा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा, आणि मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात आत घालू नका.

फिल्टर कॅपॅसिटर काढून मोजले तर कपॅसिटन्स जवळजवळ बरोबर, ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मात्र खूप वाढलेला. म्हणूनच नुसत्या मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर विसंबू नका, आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत जातं तसा रेझिस्टन्स वाढतो आणि आकडा तोच दिसत राहतो. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, त्यात शोकेसमधे कोंबलेला अँप, वर क्रोशाचा रुमाल! त्यामुळे नवीन घेताना ८५ ऐवजी १०५ डिग्रीचे घ्या. व्होल्टेज एक पायरी वरचं घ्या, जुन्यावर ३५ असेल तर ५० चा, कारण आमच्याकडे रात्री मेन्स २४५ पर्यंत जातो आणि ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी त्याच प्रमाणात वर जाते. पण मायक्रोफॅरड दुप्पट-तिप्पट करू नका, चालू करतानाचा करंटचा लोंढा रेक्टिफायर आणि स्विचवर येतो आणि ऐकायला काही मिळत नाही.

उजव्या चॅनलचं प्रकरण वेगळं होतं. पूर्वी कुठेतरी दुरुस्तीला गेला होता तेव्हा आउटपुट ट्रान्झिस्टर बदलला गेला होता आणि तो निघाला नकली. वर २एन३०५५ छान छापलेलं, पण चॅनल मोठ्या आवाजाला फाटायचा. टोपी करवतीने कापून बघितली तर आतली चिप एवढी बारीक की १५ अँपिअर सोडा, तीन सोसले तरी खूप. हा नंबर इतका जुना आणि इतका खपणारा आहे की नकली माल जगभर फिरतो, म्हणून पॉवर ट्रान्झिस्टर मी फक्त अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच मागवतो. अस्सल मालाची किंमतपण काही फार नाही. बाकी अभ्रकाचे वॉशर, थर्मल पेस्ट, प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट), डीसोल्डर विक हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फिरून आणलं, तिथे काउंटरवर उभं राहून दहा मिनिटं गप्पा मारल्या तरी काहीतरी नवीन कळतं.

नवीन ट्रान्झिस्टर बसले की बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही त्यांच्यातून वाहणारा थोडा करंट, लावावाच लागतो, हे बरेच जण सोडून देतात. स्पीकर काढून ठेवायचे, इनपुट शॉर्ट, सेट पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्यायचा आणि एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे. समजा रेझिस्टर ०.२२ ओहमचा आणि करंट २५ मिलिअँपिअर पाहिजे तर ५.५ मिलिव्होल्ट, साधा ओहमचा नियम. आकडा मात्र तुमच्या सेटच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यायचा. बायस कमी पडला तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन येतं, तेसुद्धा हळू आवाजात, म्हणजे सारंगीची शेवटची मींड विरत जाते तिथेच किरकिर ऐकू येते. जास्त झाला तर हीटसिंक तापत जातो आणि तापला की करंट अजून वाढतो, मग सगळंच जातं. जुने उघडे प्रीसेट काढून मल्टिटर्न बसवले, हे अपग्रेड मला पूर्ण पटतं. शेवटी आउटपुटला डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसताना तिथे उरलेलं डीसी व्होल्टेज, बघायचा, ५० मिलिव्होल्टच्या आत असला की निर्धास्त स्पीकर जोडायचे.

आता जे बदललं नाही ते. पिकोफॅरडचे छोटे सिरॅमिक तसेच ठेवले, ते इलेक्ट्रोलिटिकसारखे सुकत नाहीत आणि अँपची स्टेबिलिटी त्यांच्यावर टिकलेली असते. आउटपुटला "जास्त फास्ट" ट्रान्झिस्टर लावा असा सल्ला खूप मिळतो, पण संथ ट्रान्झिस्टर धरून बांधलेल्या सर्किटमधे फास्ट पार्ट घातला की अँप काही शे किलोहर्ट्झवर ऑसिलेट व्हायला, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करायला, लागू शकतो, कानाला ते ऐकूच येत नाही, फक्त हीटसिंक उगाच गरम आणि आउटपुटजवळचा छोटा रेझिस्टर जळून काळा. ऑसिलोस्कोप नसेल तर या वाटेला जाऊच नये. सिग्नलच्या रस्त्यातले १ मायक्रोफॅरडसारखे छोटे इलेक्ट्रोलिटिक काढून फिल्म कॅपॅसिटर लावले, जागेत बसत होते म्हणून, मोठे महागडे लांब पायांचे फिल्म कॅपॅसिटर उभे केले की तेच अँटेना होऊन हम पकडतात.

टोन कंट्रोलपण काढले नाहीत. "प्युरिस्ट" लोक बायपास करायला सांगतात. माझ्याकडे जुन्या मैफिलींची घरगुती रेकॉर्डिंग आहेत, त्यातला तबल्याचा बायाँ फुगलेला असतो, बास थोडा कमी केला की गाणारा पुढे येतो. ज्याने हा नॉब दिला त्याला हे माहीत होतं.

पॉट (व्हॉल्यूम, टोनचे फिरते कंट्रोल) आणि बटणांना कॉन्टॅक्ट क्लीनर, थेंब थेंब, आणि मग पंचवीस-तीस वेळा फिरवणं. गंज काढायचा स्प्रे अजिबात मारू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात धूळ धरून परत खरखर.

एक गोष्ट मात्र जोडलीच पाहिजे आणि ती अँपच्या बाहेर. त्या काळातल्या लाइन इनपुटला दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास मिळालं तरी अँप पूर्ण ताकदीला पोचतो आणि आजचा डॅक (डिजिटल गाणं अॅनालॉग करणारा डबा) देतो २ व्होल्ट. म्हणून व्हॉल्यूमचा नॉब घड्याळाच्या आठवर, म्हणजे जेमतेम हलून, आला की घर दणाणतं आणि पॉटच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, जिथे दोन ट्रॅक एकमेकांशी नीट जुळत नाहीत, तिथेच ऐकत बसावं लागतं, मग डावं-उजवं कमीजास्त. केबलमधेच ८.२ किलोओहम सिरीजला आणि २.२ किलोओहम ग्राउंडला असा सिग्नल कमी करणारा डिव्हायडर केला, १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, चार नग. साधारण साडेतेरा डीबी उतरतात. आता नॉब घड्याळाच्या दहाच्या पुढे येतो आणि तानपुरा बरोबर मधोमध ऐकू येतो.