सगळ्यांना एकदा तरी हरवायचं!

नागपुरात थंडी पडली की आमची बास्केटबॉल लीग सुरू होते. ८ टीम, प्रत्येकीशी दोनदा गाठ, म्हणजे १४ मॅच. आम्ही वर्षानुवर्षं मधल्या नंबरावर चिकटलेले. यंदा टीममधल्या सगळ्यात बारक्या पोराने टूम काढली, "ट्रॉफी-बिफी सोडा भाऊ. सातही टीमला एकदा तरी हरवू." अमेरिकेतल्या एनबीए लीगमधली टीम ८२ मॅच खेळते, बाकीच्या २९ जणांशी किमान दोनदा भिडते, तरी सगळ्यांना हरवणं तिथेही सोपं नाही, हे त्याचं पालुपद.

मला ते पटलं, कारण त्यात हिशोब होता. ज्याला एकदा हरवलं, त्याच्याविरुद्ध परतीच्या मॅचला ज्युनियर पोरं उतरवायची. दमछाक करायची ती फक्त ज्यांची उधारी बाकी आहे त्यांच्यासाठी.

पहिल्या फेरीत पाच टीम निकालात निघाल्या. दोन राहिल्या.

त्यातल्या एकीकडून हरलो ते हिवाळी अधिवेशनामुळे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा गडी, पोलिसात आहे. डिसेंबरात तो विधानभवनाच्या बंदोबस्ताला उभा. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवायचं, आणि ८ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला आमच्याकडे माणूसच नाही.

दुसरी टीम म्हणजे गेल्या वर्षीचे चॅम्पियन. यांचा २-३ झोन, म्हणजे माणसामागे न पळता आपापली जागा राखायची, ही एक भिंतच. पुढे दोघं, मागे तिघं, मधोमध त्यांचा लंबू. आत शिरलं की ब्लॉक, म्हणून पोरं बाहेरूनच तीन-तीन पॉइंटचे शॉट फेकत बसायची. ६.७५ मीटरवरून, संध्याकाळच्या गार हवेत, आखडलेल्या बोटांनी! पडणार किती?

परतीच्या मॅचआधी सरांनी प्रॅक्टिसला एकच गोष्ट घोटून घेतली. झोनच्या पोटात, फ्री थ्रो लाइनवर, आपला एक माणूस उभा करायचा. बॉल त्याच्या हातात गेला की लंबूला ठरवावंच लागतं, पुढे यायचं की रिंगखाली थांबायचं. पुढे आला तर त्याच्या पाठीमागे पास. थांबला तर तिथूनच शॉट. ऐकायला सोपं आहे, पण त्या जागी उभ्या माणसाला चारही बाजूंनी हात येतात. आमचा फॉरवर्ड बॉल पकडून थेट बोर्डाकडे वळायचा, तेव्हा सर साइडलाइनवरून ओरडायचे, "काय करून राहिला बे? आधी बघ!"

मॅचला त्याने बघितलं. लंबू दोनदा पुढे आला, दोनदा त्याच्या मागे लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद टाकलेला बॉल, पडला. तिसऱ्यांदा तो आलाच नाही आणि आमच्या फॉरवर्डने आरामात शॉट टाकला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लंबूचा चौथा फाऊल झाला. पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून नंतर तो हात वर करायलाही बिचकत होता. शेवटी दव पडून सिमेंटचं कोर्ट निसरडं झालं, दर टाइमआउटला पोरं टॉवेलने पुसत होती. ३ पॉइंटने जिंकलो.

उरली प्रेसवाली टीम. पॉइंट गार्ड परत आला होता, प्रेस फोडायची तयारी झाली होती आणि त्या दिवशी ते लोक आलेच नाहीत! अर्धी टीम म्हणे लग्नाला अमरावतीला. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत तर मॅच समोरच्याची. स्कोअरशीटवर २०-०.

बारक्या हट्टाला पेटला. "हे हरवणं नाही भाऊ, साडेसहाच झाले." मी म्हटलं, नियम तो नियम. साध्या हारलाही १ गुण मिळतो, न येणाऱ्याला ० देतात ते उगाच नाही.

गुणतक्त्यात आम्ही दुसरे. चॅम्पियन फक्त आमच्याकडून हरले, १३ विजय, २७ गुण. आमचे ११ विजय, २५ गुण. ज्युनियर पोरांनी एक मॅच घालवली म्हणून दोघं-तिघं कुरकुरले. पण ती जिंकलो असतो तरी २६ झाले असते, म्हणजे दुसरेच. शिवाय त्या मॅचमध्ये आम्हाला पुढच्या वर्षीचा एक गार्ड सापडला.

साडेसहाचा वाद मात्र मिटलेला नाही. म्हणून होळीच्या आत प्रेसवाल्यांशी फ्रेंडली लावतोय. त्यांचा कॅप्टन हो म्हणाला, फक्त मॅच सकाळी सातला पाहिजे, त्यानंतर ऊन झेपत नाही म्हणे.